तंबाखूच्या कारखान्यातली कारमेन

वलवणला बसून बर्फावरच्या फिगर स्केटिंगबद्दल लिहायचं म्हणजे भलतीच चैन, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण टीव्ही आपल्याही घरात आहे, आणि ऑलिंपिकमधल्या त्या झगमगत्या मुलींकडे आपल्या मुली डोळे विस्फारून बघतात. त्या ज्या पाश्चात्त्य अभिजात संगीतावर गिरक्या घेतात, त्यात बिझेच्या ‘कारमेन’ या ऑपेराचं संगीत फार लाडकं. लाल झगा, केसांत फूल, कमरेवर हात. झाली कारमेन!

खरी कारमेन कोण? १८७५ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेली ही नायिका सेव्हिलच्या सिगारेट कारखान्यातली कामगार आहे. आपल्या निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांची बहीणच म्हणा ना. (त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये केलेला माहितीपट काहीजणींनी पाहिला असेल.) तिचं एका सैनिकावर प्रेम बसतं, पुढे ते संपतं, आणि ती तसं त्याच्या तोंडावर सांगते. तो विनवतो, धमकावतो. ती त्याची अंगठी फेकून देते. तो तिला भोसकतो.

१९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला जाळलं, २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका प्राध्यापिकेला. अशा खुनांना आपल्याकडे ‘एकतर्फी प्रेम’ हे गोंडस नाव मिळतं. कारमेनच्या खुनाला तर नावही नाही, नुसती टाळ्या घेणारी चाल आहे.

एकेरी स्केटिंगमध्ये २०१४ पर्यंत शब्द असलेलं गाणं चालतच नसे. त्यामुळे बर्फावर आली ती मुकी कारमेन. वाद्यं राहिली, तिचं बोलणं गेलं. उरला तो नखरा.

१९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीची कातारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस, दोघींनीही कारमेनच निवडली होती. विटची कारमेन शेवटी बर्फावर मरून पडली, थॉमसची जगली. विटला सुवर्ण मिळालं, थॉमसला कांस्य. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. तिच्या उड्या चुकल्या होत्या, तेव्हा निकालाबद्दल माझी तक्रार नाही. उलट दोघींबद्दल मला आदर आहे, कारण या संगीतामागे एका बाईचा जीव आहे हे दोघींनी ओळखलं होतं. जिवंत राहिलेली कारमेन मला अधिक आवडते, हे मात्र खरं.

त्याच वर्षी विटचा पोशाख फार तोकडा ठरला आणि बायकांना स्कर्टची सक्ती झाली. ती २००४ पर्यंत टिकली. म्हणजे नखराही बाईनेच करायचा आणि मर्यादाही बाईनेच सांभाळायची!

‘कारमेन’वर बंदी घाला, असं माझं मुळीच म्हणणं नाही. इतकं जिवंत संगीत मुलींनी का सोडावं? पण ते त्यांच्या हाती देणाऱ्या प्रशिक्षकाने आधी गोष्ट सांगावी, शेवटासकट. आणि बर्फ दूर असला तरी गॅदरिंग आपल्या शाळांतही होतं. तिथे दहा वर्षांच्या मुलीसाठी गाणं कोण निवडतं, पोशाख कोण ठरवतं, त्या गाण्यातली बाई काय म्हणते आहे, हे आपल्या गटांनी येत्या पालकसभेत जाऊन विचारावं.