हुशार मुलांचा तास कोणाचा?

वर्गात ज्याचे गणित आधी सुटते त्याने शेजारच्याला शिकवावे, यात वावगे काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. ही बाजू उडवून लावण्यासारखी नाही. मुलाला मुलाची भाषा लवकर कळते. शिक्षकांसमोर जी शंका ओठांवर येत नाही ती मित्राला सहज विचारता येते. शिवाय शिकवणाऱ्याचा स्वतःचा अभ्यासही पक्का होतो, याला पुरावा आहे. कोहेन आणि कुलिक दांपत्य या अमेरिकी संशोधकांनी १९८२ साली ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा शिकणाऱ्यांइतकी नसली तरी शिकवणाऱ्या मुलांचीही त्या विषयातली प्रगती दिसून आली. एवढ्यावरून सरसकट ठरवले जाते की हुशार मुलीला गटप्रमुख करावे, चार कच्ची मुले तिच्याकडे सोपवावीत आणि वर्षभर निश्चिंत राहावे. पुरावा खरा आहे, पण त्यातून हे ठरत नाही. त्याच आढाव्यात असेही आढळले होते की नीट आखलेल्या आणि थोडक्या मुदतीच्या उपक्रमांत परिणाम अधिक मोठा होता. आपल्याकडच्या गटप्रमुखाच्या कामाला बहुधा आखणीही नसते आणि मुदतही नसते.

शिकवल्याने शिकवणाऱ्याला फायदा का होतो, हे पाहिले की घोळ कुठे आहे ते उमगते. रॉस्को आणि ची यांनी २००७ साली याच प्रश्नावरच्या संशोधनाची छाननी केली. शिकवताना आपल्याच समजुतीतली भोके दिसली, ती बुजवावी लागली, नवे जोड शोधावे लागले, तर शिकवणारा शिकतो. पण विशेष तयारीविना मुले बहुतेक वेळा माहीत आहे तेच सांगून मोकळी होतात आणि तेवढ्याने त्यांच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. जिला अपूर्णांकांची बेरीज कधीच पक्की झाली आहे, तिने समच्छेद कसा करायचा हे पाचव्यांदा सांगितले तर तिच्या हाती काय लागणार? तिला त्या तासाला संख्यांच्या विभाज्यतेचे एखादे डोके खाणारे कोडे हवे होते. ते सुटले नसते, ती अडली असती, आणि ते अडणे हाच तिचा अभ्यास होता. शाळेत जिला कधी अडावेच लागत नाही, तिचे शिक्षण थांबलेले असते. तिच्या पैकीच्या पैकी गुणांमुळे ते आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

मुलांनी मुलांना शिकवण्याची सोय मुळात कशासाठी वाढली, हेही विसरू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतली रीत पाहून मोठ्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले बसवली. या पद्धतीचे मोठे आकर्षण होते स्वस्ताई. परंतु १८४६ साली इंग्लंडच्या सरकारनेच निराळी योजना आणली. तेरा वर्षांवरच्या निवडक मुलामुलींना पाच वर्षांची उमेदवारी, ठरलेले वेतन आणि मुख्याध्यापकांकडून त्यांच्या स्वतःच्या अभ्यासाचे वेगळे तास! शिकवणे हे काम आहे आणि ते करणाऱ्या मुलाचे स्वतःचे शिक्षण बुडता कामा नये, ही गोष्ट तिथे तेव्हा मान्य झाली. आपल्या गटप्रमुखांना वेतन द्यावे असे माझे म्हणणे नाही. त्यांचे तास मात्र बुडू नयेत, एवढे तरी आपण मानले पाहिजे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप नैतिक आहे. बुद्धी ही समाजाची ठेव आहे. हुशार मुलांना वेगळे काढले तर ती आत्मकेंद्री होतील. बुद्धिमत्तेला समाजाभिमुख करण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची १९६२ मधली स्थापनाच त्यासाठी झाली. पण तिथेही आधी बुद्धीला खाद्य पुरवण्याची जबाबदारी घेतली गेली. शिवाय जी सेवा नाकारता येत नाही तिने सेवाभाव कसा रुजणार? आणि कच्च्या मुलाचे काय? तो कायम घेणारा आणि दुसरी कायम देणारी, ही विभागणी रोज पाहणाऱ्या वर्गात ‘ढ’ हा शिक्का अधिकच घट्ट बसतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी जी पद्धत घडवली गेली, तिच्यात म्हणूनच एकाच तासात जोडीदार भूमिका बदलतात: आधी एक विचारतो, मग दुसरा. प्रश्न आणि उत्तरे हाताशी असतात, चूक कशी दुरुस्त करायची ते आधी शिकवलेले असते, शिक्षक वर्गभर फिरत असतात. अशी परस्पर मदत मला हवी आहे, आणि ती हुशार मुलांसकट सर्वांना हवी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहाध्यायींनी शिकवण्याची भलामण करताना ते ऐच्छिक, आनंददायी आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली असावे असेच म्हटले आहे. आपण शिफारस उचलतो आणि अटी गाळतो.

उरतो द्विशिक्षकी शाळांचा प्रश्न. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता आणि वर कागदपत्रांचा ढीग, अशा शाळेत मोठ्यांनी धाकट्यांना वाचून दाखवले, पाढे म्हणून घेतले, तर त्याला मी नाव ठेवणार नाही. वयातले अंतर असल्याने तिथे अपमानही नसतो. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची कुवत पाहून जादा मार्गदर्शन देणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य पार पाडायला पुरेसे शिक्षक देणे हे शासनाचे काम, आणि गटप्रमुखांच्या जिवावर ते टळू लागले की जागा रिकामी असूनही वर्ग चालू दिसतो. म्हणून ज्या तासाला सातवीची मुलगी तिसरीला शिकवते, त्या तासाची नोंद शाळेच्या दप्तरात ‘शिक्षक उपलब्ध नाही’ अशीच व्हावी, आणि त्याच आठवड्यात तिला तिच्या गणितासाठी तेवढाच वेळ परत मिळावा.