नांगऱ्याची गोष्ट कुठे आहे?

मी विद्वान नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीस वर्षे पोरांना शिकवले, एवढीच माझी शिदोरी. इंग्रजी काव्याच्या आद्य पुरुषाविषयी अशा माणसाने लेखणी उचलावी, याला कोणी आगाऊपणा म्हणाले तर मी तो कबूल करतो. पण माझे भांडण चॉसरशी नाहीच. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’विषयी एक ठराविक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकणाऱ्यांशी ते आहे. चौदाव्या शतकातले अवघे इंग्लंड या यात्रेत सामील झाले आहे, असे ते वाक्य. मीही ते फळ्यावर लिहीत आलो, म्हणून हे भांडण थोडे स्वतःशीही आहे.

पुस्तक मोठे गोड, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचावे असे! लंडनच्या नदीपलीकडे सदर्क येथे टॅबर्ड नावाची सराई. तिथे एकोणतीस यात्रेकरू जमतात आणि कँटरबरीला थॉमस बेकेटच्या समाधीकडे निघतात. हा बेकेट तिथला आर्चबिशप. 1170 साली राजाच्या चार सरदारांनी त्याला चर्चमध्येच ठार केले आणि तीन वर्षांत तो संत ठरला. वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगायच्या, ज्याची सरस त्याला परतल्यावर इतरांच्या खर्चाने जेवण. सरदार आहे, दारू प्यायलेला गिरणीवाला आहे, नाजूक हातांनी जेवणारी मठाची मुख्य बाई आहे, पापमुक्तीची पत्रे विकणारा भामटा आहे, पाच नवरे करून सहाव्याची वाट पाहणारी बाथची बाई आहे. आणि एक नांगऱ्याही आहे. गाडीभर शेण वाहणारा, गरिबासाठी फुकट मळणी करणारा, चर्चचा दशमांश बिनचूक भरणारा.

गेल्या साली मी हे सगळे रंगवून सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी चार एकर कोरडवाहू. म्हणाला, “सर, नांगऱ्यानं कोणती गोष्ट सांगितली?”

मी पाने चाळली. गोष्ट नव्हती.

आता पंडित म्हणतील, अहो, ग्रंथच अपुरा आहे. शंभरावर गोष्टींचा बेत होता, चोवीसच हाती आल्या. 1400 साली कवी वारला. पाच कारागीरही गप्पच आहेत, सरदाराचा धनुर्धारी सेवकही. हे सारे मला मान्य. पण मग अवघे इंग्लंड असे म्हणू नका! आणि हा नांगऱ्या तरी कसला? स्वतःच्या घोडीवर बसून आलेला. आपल्याकडे लगेच कोणीतरी पंढरीच्या वारीची उपमा देतो. वारीत माणसे पायी चालतात, टॅबर्डची मंडळी झाडून सारी घोड्यावर. ज्याला घोडे भाड्याने घेणे परवडत नव्हते, तो या यात्रेत नाहीच.

तो कुठे होता? 1348 मध्ये प्लेग आला आणि दीड वर्षात देशातली तिसरा हिस्सा, कदाचित निम्मी माणसे गेली. उरलेल्या मजुरांचा भाव वाढला. लगोलग 1351 चा कायदा आला, मजुरी प्लेगच्या आधीचीच घ्या म्हणून. पुढे पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यावर 12 पेन्सांचा कर बसला. 1381 च्या जूनमध्ये केंटचे लोक उठले. 10 तारखेला ते कँटरबरीच्या त्याच चर्चमध्ये घुसले, पण समाधीला नवस बोलायला नव्हे. नवा आर्चबिशप निवडा, असे त्यांनी साधूंना बजावले. मग ते लंडनकडे वळले, यात्रेची दिशा उलटवून! सदर्कमधून पूल ओलांडून शहरात शिरले आणि 14 तारखेला त्यांनी आर्चबिशप सडबरीचे डोके उडवले. एसेक्सचे बंडखोर ऑल्डगेट वेशीतून आले. त्या वेशीवरच्या खोल्या तेव्हा भाड्याने कोणाकडे होत्या? चॉसरकडे. एवढ्या प्रचंड घटनेचा त्याच्या साऱ्या लिखाणात उघड उल्लेख एकच येतो. कोंबडा पळवणाऱ्या कोल्ह्यामागे गावकरी ओरडत धावतात, त्या कोलाहलाला बंडवाल्यांच्या आरडाओरडीची उपमा. तीही विनोदासाठी.

याहून मला बोचते ती 1388 ची गोष्ट. पार्लमेंटाने केंब्रिजला कायदा केला की राजमुद्रेचे पत्र जवळ नसेल, तर मजुराने, मग तो बाप्या असो की बाई, आपला तालुका सोडून जायचे नाही. कामासाठी नाही आणि यात्रेच्या निमित्तानेही नाही. असा माणूस पत्राविना फिरताना सापडला, तर त्याला खोड्यात घालायचे. चॉसरची यात्रा बहुधा 1387 च्या एप्रिलातली मानतात. तो स्वतः 1385 पासून केंटच्या न्यायाधिकाऱ्यांपैकी एक. मजुरांचे कायदे बजावणे हे अशाच अधिकाऱ्यांचे काम. त्याने कोणाला खोड्यात घातले असे मी म्हणत नाही. पण संताच्या पायाशी जायला ज्याला परवाना लागत होता, त्याची खबर त्याच्या सुंदर पुस्तकातून मिळत नाही, एवढे खरे.

ती मिळते लँगलँडकडे. त्याच्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये टोपीभर तीर्थांच्या खुणा मिरवणारा एक यात्रेकरू भेटतो. त्याला विचारतात, सत्य कुठे राहते? त्याने ते नावही ऐकलेले नसते. तेव्हा एक नांगऱ्या डोके वर काढून म्हणतो, मी ओळखतो त्याला. वाट दाखवीन, पण आधी माझे अर्धा एकर नांगरून होऊ दे! आणि घरंदाज बायांना तो धान्याची पोती शिवायला बसवतो. 1381 च्या बंडात जॉन बॉलच्या नावाने फिरलेल्या पत्रांत या पिअर्सचे नाव आहे. शाळेच्या कपाटात मात्र चॉसरच्या गोष्टी तीन प्रकारच्या आहेत, लँगलँड एकही नाही.

1542 च्या छापील आवृत्तीत कोणीतरी दुसऱ्याचीच एक धर्मगुरूंवर टीका करणारी कविता नांगऱ्याच्या नावावर घातली. म्हणजे ती रिकामी जागा माझ्या विद्यार्थ्याआधीच छापणाऱ्यांना दिसली होती, आणि मला वीस वर्षे दिसली नाही.

यंदा ते वाक्य मी फळ्यावर लिहिणार नाही. रस्ता काढीन, सदर्क ते कँटरबरी, आणि त्यावर दोन बाण, एक जाणारा आणि एक 1381 चा, येणारा. तपासणीला येणारे साहेब विचारतील, हा उलटा बाण अभ्यासक्रमात कुठे आहे? विचारू देत.