माणसांचा बाजार आणि समाजाची नजर

‘मानवी तस्करी’ हा शब्द वाचला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे सीमेवरील चोरवाटा आणि बनावट पारपत्रे उभी राहतात. आपल्या गल्लीशी या गुन्ह्याचा काही संबंध नाही, असे समजून तो पान उलटतो. ही समजूत घातक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकत्रच मनाई केली आहे, ती उगीच नव्हे. या गुन्ह्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही. माणसाला शोषणाच्या जाळ्यात ओढणे पुरेसे ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००० साली संमत केलेल्या पालेर्मो करारपत्राने या गुन्ह्याची तीन अंगे सांगितली: कृती, साधन आणि हेतू. माणसाची भरती करणे, त्याला नेणे वा ठेवून घेणे ही कृती. धाक, फसवणूक, आमिष वा सत्तेचा गैरवापर हे साधन. आणि शोषण हा हेतू. भारताने या करारपत्राला २०११ मध्ये मान्यता दिली, २०१३ मध्ये दंडविधानाचे कलम ३७० नव्याने रचले गेले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली. भीक मागायला लावणे हेही आता शोषणात गणले जाते. पीडिताने संमती दिली होती, हा बचाव कायदा मानत नाही.

तथापि एक उणीव उरते. करारपत्रानुसार अठरा वर्षांखालील बालकाच्या बाबतीत साधन सिद्ध करण्याची गरज नाही; आपल्या कलमात मात्र बालकांसाठी अशी स्पष्ट सूट नाही. ती दूर होणे अगत्याचे आहे.

परंतु कायद्याहून मोठी उणीव समाजाच्या नजरेत आहे. मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले आणि ती फिटेपर्यंत तेथून हलू न शकणारे कुटुंब आपल्याला ‘कर्जबाजारी’ दिसते. १९७६ च्या कायद्याच्या दृष्टीने ते वेठबिगार असते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच बजावले. आणि शिक्षणाचे आमिष दाखवून गावाकडून आणलेली, सुशिक्षित घरात दिवसभर राबणारी बारा वर्षांची मुलगी? तिच्याकडे ‘गरिबाला आधार दिला’ अशा समाधानाने पाहिले जाते. तो आधार नव्हे, अपराध आहे.

वस्ती-पाड्यांवर नित्य संपर्क असणाऱ्या कार्यकर्त्याने गावाबाहेर गेलेल्या प्रत्येक मुलामागे तीन प्रश्न विचारावेत: कोणी नेले, काय सांगून नेले, आणि तेथे तो काय करतो? उत्तर मिळत नसेल तर पोलीस ठाणे आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे. मात्र ही चौकशी पाड्यावर सुरू होण्याआधी प्रत्येकाने ती आपल्या उंबरठ्याआत करावी, हे उचित.