राक्षसाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. दुःख लपवायचे सोंग मात्र आणता येते, आणि ते कधी कधी दुःखापेक्षा जास्त बोलके ठरते. यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे अशाच एका सोंगाची हकिकत ठेवतो आहे. मामला विलायती आहे, पण नाक मुरडू नका.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० साली आर. ई. एम. नावाचा चौघांचा बँड निघाला. मायकेल स्टाइप गाणारा, पीटर बक गिटारवर, माइक मिल्स बेसवर आणि बिल बेरी ड्रमवर. १९९१ आणि १९९२ साली त्यांचे दोन अल्बम जगभर गाजले. दोन्ही मवाळ. मँडोलिन, व्हायोलिने आणि मरणाबिरणाचा विचार. लोकांनी त्यांना शहाणी, गंभीर माणसे ठरवून टाकले. एकदा का गंभीर ठरलात की हसायचीदेखील चोरी! (आम्हा मास्तर मंडळींना हे निराळे सांगायला नको.)

तेव्हा त्यांनी सोंग घेतले. सप्टेंबर १९९४ मध्ये ‘मॉन्स्टर’ निघाला. मॉन्स्टर म्हणजे राक्षस. १९७०च्या सुमारास इंग्लंडात मार्क बोलन, डेव्हिड बोवी वगैरे मंडळी तोंडाला रंग फासून, चकचकीत कपडे घालून गात. त्या नखरेल पद्धतीला ‘ग्लॅम’ म्हणत. ‘मॉन्स्टर’मध्ये तोच नखरा आहे. एका गाण्याच्या तर नावातच डोळ्यांत घालायचे काजळ आहे, आणि त्यातली गिटार दिव्याची ज्योत थरथरावी तशी थरथरते. दुसऱ्या एका गाण्यात स्टाइप उंच, चोरट्या आवाजात बाईच्या भूमिकेतून गातो. बालगंधर्वांच्या मुलखात याचे नवल ते काय वाटायचे? १९८६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यात डॅन रॅदर या वृत्तनिवेदकाला मारहाण करताना हल्लेखोराने एक असंबद्ध प्रश्न विचारला होता. त्यावरूनही एक गाणे आहे.

पण रंगाखाली काय होते? स्टाइपचा मित्र, तरुण नट रिव्हर फीनिक्स ऑक्टोबर १९९३ मध्ये गेला. अल्बम त्यालाच अर्पण केला आहे. काम चालू असतानाच एप्रिल १९९४ मध्ये ‘निर्वाणा’ बँडच्या कर्ट कोबेनने आत्महत्या केली. त्याला त्या गर्तेतून ओढून काढायची स्टाइपने खटपट केली होती. ती फुकट गेली. त्याच्यावरच्या ‘लेट मी इन’ या गाण्यात गिटारचा नुसता खरखरीत लोंढा आहे आणि त्यापलीकडून कोणीतरी हाका मारते आहे.

सौभाग्यवतींनी हा अल्बम प्रथम ऐकला आणि विचारले, “अहो, गाणारा गेला कुठे?” प्रश्न बिनतोड होता. स्टाइपचा आवाज वाद्यांखाली मुद्दामच दाबलेला आहे. अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर चढला. पुढे मात्र त्याच्या नारिंगी सीड्या जुन्या मालाच्या दुकानांत ढिगाने पडल्या. लोकांना मवाळ आर. ई. एम. हवा होता, राक्षस त्यांनी परत केला.

ते दाबणे निर्माता स्कॉट लिटच्या मनाला इतके लागून राहिले, की २०१९ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याने सगळी गाणी नव्याने जुळवली आणि आवाज पुढे आणला. आता शब्द न् शब्द कळतो. माझे मत विचाराल तर तिथेच घोटाळा झाला. ज्याला मित्राचे नाव घेताना कंठ दाटून येतो, त्याला दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे करून “हं, जरा मोठ्याने बोला,” असे सांगावे, तसे वाटते. कवीने तरुणपणची कविता उतारवयात दुरुस्त केली म्हणजे यमक सुधारते. पण तो तरुण तिथून उठून गेलेला असतो.

या अल्बमच्या दौऱ्यात, १ मार्च १९९५ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे बिल बेरी कार्यक्रम चालू असतानाच कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला आणि दौरा पुरा केला. १९९७ साली बँड सोडून तो शेती करू लागला. उरलेले तिघे २०११ पर्यंत टिकले. सौभाग्यवतींना नवी जुळणी पसंत आहे, आणि आमच्या घरी सध्या तीच वाजते.