देवळातील प्रकाशभिंत

गोमंतकातील काही देवस्थानांच्या आवारांत आता प्रकाशाची एक नवी भिंत उभी राहू लागली आहे. तिला व्हिडिओ वॉल म्हणतात. एलईडीचे चौकोन एकास एक जोडून ती रचतात आणि लांबून पाहणाऱ्यास तो एकच प्रचंड पडदा वाटतो. यंत्राशी आमचे वैर नाही. देवळांत वीज आली म्हणून गाभाऱ्यातील समई विझली नाही. आमचा रोष आहे तो, काय सांगावयाचे हे ठरण्यापूर्वीच भिंत विकत घेणाऱ्या समित्यांवर.

वस्तुतः तिला देवळात मोठे काम आहे. फोंड्याच्या परिसरातील देवस्थानांत बेळगाव, कारवार, मुंबई, बडोदे येथून कुळावी येतात. अभिषेकाची पावती कोठे करावी, महाप्रसाद किती वाजता, अग्रशाळेत खोली आहे काय, हे त्यांस कार्यालयाच्या खिडकीशी ताटकळून विचारावे लागते. जत्रेच्या गर्दीत चुकलेल्या मुलाची किंवा बंद केलेल्या वाटेची सूचना वाद्यांच्या गजरात ऐकू येत नाही. तेथे मराठी, कोकणी आणि कानडी अशा आळीपाळीने येणाऱ्या चार ठळक ओळी शेकडो जणांचे हेलपाटे वाचवतील.

पण आमच्या पाहण्यात काय येते? पदाधिकाऱ्यांच्या हात जोडलेल्या तसबिरी, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सराफी पेढीची जाहिरात! याहून खेदाची गोष्ट अशी की, सभामंडपातच मूर्तीचे चलचित्र झळकते आणि वीस हातांवरील देवाकडे पाठ करून माणसे पडद्याला नमस्कार करतात. अग्रशाळेत बसलेल्या वृद्धास त्या पडद्यावर आरती दिसली तर ते पुण्यच होय. ज्यास देव समोर दिसतो त्याच्या दृष्टीआड पडदा घालणे ही सेवा नव्हे.

कोणी म्हणेल, देणगी मिळाली, भिंत आली, देवस्थानाचे काय गेले? पुष्कळ गेले. देणगीतून भिंत येते. वीज, देखभाल आणि दुरुस्ती दरवर्षी देवाच्या पेटीतून जाते. चौकोन बिघडल्यास दुसऱ्या घाण्यातील चौकोनाचा रंग जुळत नाही, म्हणून जादा चौकोन आरंभीच घेऊन ठेवावे लागतात. दाण्यांतील अंतराचाही विचार हवा. तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच भिंतीत ते अंतर 10 मिलिमीटर असेल तर साठ हजारच बिंदू मिळतात, 2.5 मिलिमीटर असेल तर 9 लाख 60 हजार. स्थूल हिशेब असा की, जितके मिलिमीटर अंतर, किमान तितके मीटर दुरून पाहावे. ज्या देवनागरीस वर वेलांटी व खाली उकार लागतो, तिची अक्षरे विरळ दाण्यांत जवळून वाचवत नाहीत.

उन्हात दिसावी म्हणून बाहेरच्या भिंतीस दर चौरस मीटरला सुमारे 5,000 कँडेला तेज ठेवावे लागते. एक कँडेला म्हणजे स्थूलमानाने एका मेणबत्तीचा उजेड. सूर्यास्तानंतर हे तेज उतरविले नाही तर डोळे दिपतात आणि शेजारची दीपमाळ पेटली काय, न पेटली काय, सारखेच होते. मंगेशीची सात मजली दीपमाळ ज्याने पाजळलेली पाहिली आहे, त्यास यातील हानी समजावून सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. गोव्यातील देवस्थाने 1933 च्या नियमावलीप्रमाणे महाजनांच्या संस्था आहेत. सभेची सूचना, अंदाजपत्रक, जमाखर्च हे ज्यांच्या हक्काचे, त्यांच्यासाठी भिंतीवर दिवसातून पाच मिनिटे का नसावीत? सराफास जागा मिळते आणि हिशेबास मिळत नाही, याचा अर्थ उघड आहे.

म्हणून महाजनांनी पुढील सभेत लेखी उत्तरे मागावीत. रोजचा मजकूर कोण लिहिणार व कोण तपासणार? वर्षाचा खर्च किती? आरतीच्या वेळी व रात्री भिंत कोण विझविणार? जाहिरात घेणार की नाही? ही उत्तरे मिळेपर्यंत खरेदीच्या ठरावास संमती देऊ नये. आणि जेथे भिंत उभी झालीच आहे तेथे उद्यापासून पहिली पाटी महाप्रसादाच्या वेळेची लागावी, दुसरी जमाखर्चाची.