शिडी आणण्यापूर्वी माप काढा

भगिनींनो, आपल्या नागपुरात मार्च लागला की कूलर बाहेर निघतो आणि गच्चीवरची टाकी धुवायची आठवण होते. ज्यांच्याकडे जिना नाही, त्यांना शिडी हवीच. ती अंदाजाने आणली तर आखूड पडते. मग कुणी ती स्टुलावर ठेवतं, कुणी भिंतीला अगदी चिकटून उभी करतं. हातपाय मोडतात ते इथेच!

भिंतीची उंची मोजायला वर चढायला नको. चारही बाजू सारख्या असलेला कागद तिरपा दुमडा. या त्रिकोणाची एक बाजू जमिनीला समांतर धरा, दुसरी उभी बाजू भिंतीकडे ठेवा. उभ्या बाजूलगत दोऱ्याला किल्ली बांधून सोडा, म्हणजे कागद वाकडा होणार नाही. आता डोळ्याजवळच्या कोपऱ्यातून तिरप्या कडेवरून पाहत मागे सरका. गच्चीचा काठ त्या रेषेत आला की थांबा. भिंतीपासून तुमच्या पायापर्यंतचे अंतर अधिक जमिनीपासून डोळ्याची उंची, म्हणजे भिंतीची उंची. अंतर साडेसात फूट, डोळा साडेचार फुटांवर, तर भिंत १२ फूट. जमीन मात्र सपाट हवी.

शाळेतले 'टॅन ४५ बरोबर १' ते हेच! १८०२ मध्ये मद्रासहून सुरू झालेल्या भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही एक लांबी साखळीने मोजून बाकीच्या कोनांवरून काढत. त्याचे प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटलाच वारले. झिरो माइलच्या दगडावरची 'जी. टी. एस.' ही अक्षरे त्याच कामाची.

आता शिडीची लांबी. शिडीचा पाय उंचीच्या चौथ्या हिश्शावर ठेवावा, म्हणजे १२ फुटांना ३ फूट. फार दूर ठेवला तर पाय घसरतो, फार जवळ ठेवला तर शिडी मागे उलटते. १२ चा वर्ग १४४, ३ चा ९. बेरीज १५३, वर्गमूळ सुमारे १२.४. वर उतरताना धरायला काठापुढे ३ फूट हवेतच. तेव्हा १६ फुटी शिडी घ्या.

खाली एकजण शिडी धरायला हवाच. आणि हो, जवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी लावू नका.