ताट सरकारचे, हात कुणाचे?

शाळेतून आलेल्या मुलाला आई पहिल्यांदा विचारते ते जेवणाचे. आपल्या बेळगावात एका घरात ‘आज काय होतं रे?’ तर शेजारच्या घरात ‘इवत्तु एन कोट्रु?’ चोर्ला घाट उतरून डिचोलीकडे गेलो की हाच प्रश्न ‘आज कितें दिलें?’ असा ऐकू येतो. भाषा तीन, काळजी एकच. पण शाळेतल्या त्या ताटात वाढतो कोण, याचे उत्तर मात्र तिन्ही राज्यांत वेगळे आहे. आज त्याविषयीच बोलू.

डिचोली तालुक्यातले आमोणे हे मांडवीकाठचे गाव. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यामुळे आपल्याकडेही ते अनेकांना ठाऊक आहे. खाणी आणि कारखान्यांच्या या पट्ट्यात खानापूर, बेळगाव, धारवाडकडची कितीतरी कुटुंबे कामाला गेली आणि तिथलीच झाली. घरी कन्नड बोलणारी त्यांची मुले सरकारी मराठी शाळेत शिकतात. समजा, एक भाऊ आमोण्याला, दुसरा हुबळीत आणि बहीण चंदगडला दिली आहे. तिघांचीही मुले सरकारी शाळेत दुपारी जेवतात. तिघांच्या ताटामागे कायदाही एकच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न द्या, असा आदेश राज्यांना दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्कच झाला. तेव्हा हे जेवण म्हणजे उपकार नव्हे, दानही नव्हे. पण सरकार काही स्वतः पळी हातात घेऊन उभे राहत नाही. ते धान्य देते, पैसे देते. रांधणारे हात बहुधा दुसऱ्याचेच असतात.

गोव्यात हे हात आहेत महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांचे. आपण ज्यांना बचत गट म्हणतो ते. गटातल्या बायका आपल्या स्वयंपाकघरात पहाटेपासून राबतात. भाजी-पाव असो की पुलाव, भांडी भरून, गाडी ठरवून वेळेत शाळेत पोचवायचे. यात मोठी गोष्ट ही की रांधणारी बाई त्याच परिसरातली असते. डाळ पातळ झाली तर संध्याकाळी बाजारात तिला विचारता येते. गावातल्या बायकांच्या हाती चार पैसे येतात ते वेगळेच. पण या व्यवस्थेची दुखरी नसही तिथेच आहे. किराणा, गॅस, गाडीभाडे रोजचे. सरकारचे बिल मात्र मागाहून येणार. बिले महिनोन्‌महिने थकली म्हणून गोव्यातल्या गटांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे. मोठ्या संस्थेला बँक थांबून घेते, गटातल्या बाईला दुकानदार किती दिवस थांबणार? शेवटी ती घरचे दागिने तरी गहाण ठेवते किंवा डाळीत पाणी तरी घालते.

आता हुबळीच्या भावाकडे येऊ. कर्नाटकाने २००२ मध्ये सात जिल्ह्यांत ‘अक्षर दासोह’ सुरू केले आणि पुढे ते राज्यभर नेले. दासोह हा शरणांच्या परंपरेतला शब्द. सरकारी योजनेला इतके घरचे नाव क्वचितच मिळते. खेड्यातल्या शाळेत ‘बिसियूट’ शाळेतच शिजते. हुबळी-धारवाडला मात्र ते अक्षय पात्र या संस्थेच्या अवाढव्य स्वयंपाकघरातून येते. ही संस्था २००० साली बंगळूरच्या पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून सुरू झाली. यंत्रे, वाफेवरचा स्वयंपाक, स्वच्छता, वेळ यांत तिच्याकडे बोट दाखवणे कठीण. सरकारी पैसा कमी पडतो तिथे ती देणग्या उभ्या करते. पण ही संस्था कांदा-लसूण वापरत नाही. त्यावरून २०१८ मध्ये कर्नाटकात बराच वाद झाला. मुलांना चव लागत नाही, ती कमी जेवतात, असे टीकाकार म्हणाले. पोषणाचे निकष आम्ही पाळतो, असे संस्था म्हणाली. खरे कोण, हा प्रश्न बाजूला ठेवा. चव कुणी ठरवायची, हा प्रश्न उरतोच.

अंड्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कर्नाटक सरकार आठवड्यातून दोन दिवस अंडी देत होते. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने करार करून उरलेल्या चार दिवसांचा भार उचलला. तीन वर्षांसाठी दीड हजार कोटींहून अधिक रुपये! अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा चिक्की. चंदगडच्या बहिणीकडे मात्र उलटे घडले. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकसहभागातून सोय करा, असे शाळांना सांगितले. म्हणजे एका राज्यात सरकारने आपला वाटा ठेवून संस्थेला सोबत घेतले, दुसऱ्याने आपला वाटाच काढून घेतला. दोन्हीकडे नाव सहभागाचेच! कर्नाटकातही तीन वर्षे संपल्यावर काय, हे आजच विचारून ठेवायला हवे.

संस्था चांगली की सरकार चांगले, हा वाद म्हणूनच निरर्थक वाटतो. संस्थेजवळ माया असते, चपळाई असते, माणसे जोडण्याची हातोटी असते. पण उद्या तिने ‘जमत नाही’ म्हटले तर कायदा तिला धरू शकत नाही. सरकारला तसे म्हणता येत नाही. हात संस्थेचे असू देत, जबाबदारी सरकारचीच राहिली पाहिजे. आणि जबाबदारी म्हणजे नुसती देखरेख नव्हे, वेळेवर पैसेही. मे २०२५ पासून केंद्राने प्राथमिकच्या एका मुलामागे साहित्याचा खर्च धरला आहे ६ रुपये ७८ पैसे. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि सरपण. धान्य वेगळे मिळते. राज्ये आपली भरही घालू शकतात. तरी घरात हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीला हा आकडा समजावून सांगायला नको.

मग आपण पालकांनी काय करायचे? योजनेच्या नियमांत पुष्कळ काही आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीने लक्ष ठेवले पाहिजे, आणि त्या समितीत पालकच अधिक असतात. एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता देणे राज्यावर बंधनकारक आहे. पुढच्या सभेला जाल तेव्हा एवढेच विचारा: आज चव कुणी घेतली? रांधणाऱ्यांचे बिल कधीपर्यंतचे मिळाले? तक्रार कुणाकडे करायची? मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. दुसरा प्रश्न आपला नाही असे मात्र समजू नका. रांधणाऱ्या बाईची उधारी शेवटी आपल्याच लेकराच्या ताटातून वसूल होते.